तुमचे प्रश्न : विश्वास डळमळतो तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये आणि मेसेजमध्ये फिरून फिरून एकच गोष्ट येतेय, ती म्हणजे देवावर विश्वास तर ठेवायचाय पण मन साथ देत नाही. काहींच्या मनात शंका आहे, काहींचा स्वतःवरचाच भरवसा उडालाय. त्यातली काही पत्रं इथे घेतेय. नावं आणि ओळखीच्या खुणा काढल्या आहेत.

प्रश्न : ताई, सलाम. माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी कॅन्सरने गेला. आजारपणात आम्ही घरचे सगळे उपास-प्रार्थना करत होतो, मंडळीतली माणसं रात्र रात्र बसली, एका पाहुण्या सेवकाने तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून हा बरा होणारच असं सगळ्यांसमोर सांगितलं. आणि तो गेला. नंतर एक बाई भेटायला आल्या त्या बोलता बोलता म्हणाल्या, कुठेतरी तुमचा विश्वास कमी पडला असेल. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. मी अजूनही उपासनेला जाते, गायनमंडळात गाते, पण गाताना मनात येतं की खरंच कोणी ऐकतंय का. घरी प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मी ढोंगी झालेय का? देव माझ्यावर रागावला असेल का?

उत्तर : ताई, आधी त्या बाईंच्या वाक्याचा निकाल लावू, कारण ते मनात असेपर्यंत मी पुढचं काहीही लिहिलं तरी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. ते वाक्य चूक आहे. ते तुम्हाला दुखावणारं आहे हे तर आहेच, पण शास्त्राला धरूनसुद्धा ते चूक आहे. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले आणि त्याच पौलाने शेवटच्या पत्रात लिहिलंय की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत गावात ठेवून यावं लागलं. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला पोटाचा त्रास होता, वरचेवर दुखणी यायची, त्याला पौल विश्वास वाढव असं सांगत नाही, थोडा द्राक्षारस घेत जा असं सांगतो. आणि स्वतः पौलाच्या देहात जो काटा होता तो जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, तो गेला नाही, मिळालं काय तर ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर. आता पौलाचा विश्वास कमी पडला असं त्या बाई म्हणतील का? तुमच्या भावाच्या बिछान्याशी रात्र रात्र बसलेल्या माणसांना हा हिशोब लावायचा कोणालाही अधिकार नाही, आणि बरा होणारच असं देवाच्या नावाने जाहीर करून मोकळं होणाऱ्या सेवकांनी तर अशा घरांमध्ये नंतर काय होतं ते एकदा बघायला यावं, मला याचा फार राग येतो.

आता तुमचं. मार्कच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवतोय का तुम्हाला? मुलाला बाळपणापासून झटके यायचे, तोंडाला फेस यायचा, कधी विस्तवात पडायचा कधी पाण्यात, म्हणजे त्या माणसाने किती वर्षं एक डोळा पोरावर ठेवून काढली असतील याचा विचार करा. तो आशेने मुलाला शिष्यांकडे घेऊन आला आणि शिष्यांना काही जमलं नाही. वर भोवती गर्दी, शास्त्र्यांचा वाद चाललेला. म्हणजे हा माणूस एकदा निराश होऊनच येशूसमोर उभा आहे, म्हणून तर त्याच्या तोंडून निघतं की तुम्हाला काही करता येत असेल तर करा. ‘येत असेल तर’. येशू नेमका तोच शब्द पकडतो. आणि मग तो बाप ओरडून बोलतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’

ही प्रार्थना एका वाक्यात दोन्ही गोष्टी सांगते, आहे आणि नाही. त्याने आधी अविश्वास साफ करून मग यायचं असं ठरवलं नाही, त्याला तेवढा वेळही नव्हता. जे होतं ते तसंच्या तसं समोर ठेवलं. आणि पुढे येशू काय करतो ते बघा, आधी तुझा विश्वास पुरा कर मग ये असं म्हणत नाही, मुलाला बरं करतो, पोरगं मेल्यासारखं पडतं, लोक म्हणतात मेला, येशू त्याच्या हाताला धरून उठवतो. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर.

तुम्ही म्हणाल की त्याचा मुलगा उठला, माझा भाऊ उठला नाही. बरोबर आहे, आणि हे मी टाळून पुढे जाणार नाही. म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे बघा. त्याने येशूला जगासमोर ओळख करून दिली, हा देवाचा कोकरा म्हणून बोट दाखवलं, आणि नंतर तोच तुरुंगात पडला. तुरुंगातून त्याने शिष्यांना पाठवून विचारलं, जो येणार होता तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? योहानाने असं विचारावं! येशू त्याला रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे त्याला जाऊन सांगा म्हणाला, आणि निरोप घेऊन माणसं निघाल्यावर लोकांना म्हणाला की स्त्रियांपासून जन्मलेल्यांमध्ये योहानापेक्षा मोठा कोणी झालेला नाही. म्हणजे शंका विचारली त्याच दिवशी हे कौतुक. पण योहान तुरुंगातून सुटला नाही, त्याचा शिरच्छेद झाला. का सुटला नाही याचं कारण ही गोष्ट सांगणारा मत्तय त्याच्या शुभवर्तमानात देत नाही, म्हणून मीही तुम्हाला तुमच्या भावाबद्दल काही कारण बनवून देणार नाही. एवढं मात्र ठामपणे सांगते की योहानाचा प्रश्न येशूपर्यंत पोचला, त्याला उत्तर आलं, आणि तो प्रश्न विचारल्यामुळे येशूच्या नजरेत तो तसूभरही कमी झाला नाही.

देव रागावला असेल का असं विचारलंत. अहो, देवाने आपल्या लोकांच्या तोंडी जी प्रार्थना दिली त्या स्तोत्रसंहितेत बघा, तेराव्या स्तोत्राची सुरुवातच आहे, परमेश्वरा, किती काळ मला विसरणार? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर उघडून वाचाच, बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, कुठेतरी स्तुतीवर येतात, हे येत नाही, ते अंधारातच संपतं. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी ते काढून टाकलं नाही की शेवटी दोन गोड ओळी जोडल्या नाहीत. ज्याला भिंतीशी बोलल्यासारखं वाटत होतं त्याची ती प्रार्थना आहे, आणि ती रात्रंदिवस देवालाच उद्देशून आहे. मला फरक इथे दिसतो. शंका देवाबद्दल इतरांशी कुजबुजत राहणं एक, आणि तीच शंका त्याच्याच तोंडावर बोलणं वेगळं. दुसरं केलं तर ती प्रार्थना होते.

आणि ढोंगी? ढोंगी माणूस लोकांना दाखवायला गातो. तुम्ही गाताय कारण ते खरं असावं असं तुम्हाला आतून वाटतंय. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना धक्का बसला, कारण या बाईने जवळजवळ पन्नास वर्षं आतमध्ये देवाची अनुपस्थिती सोसली होती, प्रार्थनेत कोरडेपणा, अंधार. बाहेर रोज मरणाऱ्यांची सेवा चालू होती. त्या काळात त्यांनी हे अगदी मोजक्या आत्मिक मार्गदर्शकांना सांगितलं होतं. तुम्हीही एकाला तरी सांगा. सगळ्या मंडळीला नको, साक्ष वगैरे नको, असं एकच माणूस शोधा जे ऐकून लगेच वचन फेकून मारणार नाही. गायनमंडळात गायचं असेल तर गा, एखाद्या रविवारी गळा दाटून आला तर गप्प उभ्या राहा, शेजारची बाई गाईल. मंडळी असते कशाला मग. आणि एक जुना नियम लक्षात ठेवा, सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला, की मन असं कोरडं पडलेलं असताना आधी चांगल्या काळात घेतलेले निर्णय बदलायचे नाहीत. उपासना सोडायची की नाही, विश्वास सोडायचा की नाही, हे आत्ता ठरवू नका. आत्ता दुःख करायचे दिवस आहेत.

प्रश्न : ताई, मी पंचेचाळिशीतला माणूस आहे. दारूचा प्रॉब्लेम आहे. लपवून काही उपयोग नाही. किती वेळा बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, महिना दोन महिने टिकते आणि परत तेच. आता क्षमा मागायलाच लाज वाटते. देव तरी किती वेळा ऐकणार. बायको म्हणते तुमच्या प्रार्थनेवर माझा विश्वास राहिला नाही. मला वाटतं माझा विश्वासच खोटा आहे, खरा असता तर सुटली असती.

उत्तर : भाऊ, शपथा घेणं पहिलं बंद करा. हे मी थट्टेत म्हणत नाहीये. येशूचा शिष्य पेत्र, त्यानेही शपथेसारखंच बोलून दाखवलं होतं ना, सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही, तुरुंगात यायला तयार आहे, मरायला तयार आहे. आणि खरंच त्या क्षणी त्याला तसं वाटत होतं, तो खोटं बोलत नव्हता. तुम्हीही मुलीच्या डोक्यावर हात ठेवता तेव्हा खोटं बोलत नसता. पण त्या शपथेमागे ताकद कोणाची असते, आपलीच, आणि नेमकी तीच तर संपलेली आहे.

लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू पेत्राला काय म्हणतो ते नीट बघा, ही जागा मला अतिशय प्रिय आहे. सैतान तुम्हाला गव्हासारखं चाळायला बघतोय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. हे सगळं पेत्र पडायच्या आधी बोललंय. कोंबडा आरवायच्या आधी. येशूला ठाऊक होतं हा आज रात्री मला ओळखत नाही म्हणणार, एका दासीसमोर म्हणणार, तीनदा म्हणणार. ठाऊक असून त्याने प्रार्थना आधीच करून ठेवली आणि उठल्यावर करायचं कामही आधीच सांगून ठेवलं. ‘वळलास तर’ नाही म्हणाला, ‘वळलास म्हणजे’ म्हणाला. म्हणजे पेत्राचा विश्वास टिकला तो पेत्राच्या हिमतीवर नाही.

पुढचा प्रसंग समुद्रकिनाऱ्यावरचा. पेत्राने नाकारलं तेव्हा अंगणात लोक कोळशाचा विस्तव करून शेकत उभे होते, पेत्रही त्यांच्यात. पुनरुत्थानानंतर येशू किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव करून त्यावर मासे भाजतोय, भाकर आहे, या न्याहारी करा म्हणतोय. नव्या करारात कोळशांचा विस्तव या दोनच जागी आलाय. त्या धगीशी बसून पेत्राला काय काय आठवलं असेल. आधी खायला घातलं आणि मग विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, तीनदा, जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. पेत्राचं उत्तरही बदललेलं आहे, आता तो छाती ठोकत नाही, म्हणतो प्रभू तुला सगळं ठाऊक आहे. भाऊ, तुम्हीही उद्या सकाळी शपथ न घेता एवढंच म्हणा, तुला सगळं ठाऊक आहे. आणि यानंतर पेत्र कधीच घसरला नाही असंही नाही बरं का, अंत्युखियात लोक काय म्हणतील या भीतीने तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठून बाजूला झाला आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावं लागलं, गलतीकरांच्या पत्रात ते सगळं लिहिलेलं आहे. मंडळीचा खांब म्हणवला जाणारा माणूस, आणि घाबरला. तेव्हा तुमचं पुन्हा पडणं हा तुमचा विश्वास खोटा असल्याचा पुरावा मी तरी मानत नाही.

पण आता दुसरी बाजू ऐका आणि हीसुद्धा तितक्याच गांभीर्याने. दारूचं व्यसन हा आजार आहे, त्यात शरीर अडकलेलं असतं. तुम्ही रोज आणि खूप घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, अचानक सोडल्यावर हात थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं हे होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी डॉक्टरकडे जा आणि खरी मात्रा सांगा, कमी करून सांगू नका. त्यानंतर एकट्याने लढू नका. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस 1935 मध्ये अशाच दोन माणसांनी सुरू केलं ज्यांना एकेकट्याने जमत नव्हतं, आणि त्यांची पहिली पायरीच ही आहे की दारूपुढे आम्ही हतबल आहोत हे कबूल करणं. तुम्ही मला पत्रात जे लिहिलंत ना, लपवून उपयोग नाही, ती पायरी तुम्ही चढलेली आहे. हे देवावरच्या भरवशाच्या विरोधात नाही, याकोब म्हणतो आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, एकमेकांजवळ, फक्त बंद खोलीत नाही.

आणि तुमच्या पत्नीबद्दल. त्यांचा विश्वास उडालाय तो उडायला कारण आहे. देवाने मला क्षमा केली मग तू का करत नाहीस हे वाक्य घरात कधीही उच्चारू नका. त्यांना वेळ लागेल, कदाचित खूप लागेल, आणि या वेळात त्यांना प्रार्थना दाखवण्यापेक्षा डॉक्टरची फाईल दाखवा, मीटिंगला जाऊन आलात ते दिसू दे. हातून घरात कधी मारहाण झाली असेल तर त्यांची आणि मुलीची सुरक्षितता आधी, त्या वेगळ्या राहायचं म्हणाल्या तर अडवू नका.

प्रश्न : याकोबाच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की जो संशय धरतो तो समुद्राच्या लाटेसारखा, त्याला प्रभूपासून काही मिळणार नाही. मग तुम्ही शंकेचं इतकं समर्थन कसं करता? (मागच्या अंकातल्या उत्तरावर आलेलं पत्र.)

उत्तर : वचन आहे आणि मी ते पुसत नाही. पण दोन ओळी मागे जाऊन वाचा. तिथे विषय ज्ञानाचा आहे, परीक्षेच्या काळात कसं वागावं हे कळत नसेल तर देवाकडे माग, तो दोष न लावता सगळ्यांना उदारपणे देतो. ‘दोष न लावता’ हे शब्द त्याच वाक्यात आहेत, ते आपण सोडून देतो. आणि पुढे याकोब ज्याला बोलतोय तो द्विबुद्धीचा माणूस आहे, म्हणजे देवाकडे मागतो पण दुसरीकडेही सोय लावून ठेवतो, उत्तर आवडलं तर पाळू नाहीतर बघू. असं मन कुठेच ठरत नाही. तो दुःखाने विचारणारा माणूस नाही, तो स्वतःला राखून ठेवणारा आहे.

मी समर्थन करत असेन तर शंका घेऊन येणाऱ्या माणसाचं करते, शंकेचं नाही. शंकेत बसून राहायला छान वाटतं असं म्हणणारे लोकही मला भेटतात, कुठलीच गोष्ट पत्करायची नाही म्हणून ते आयुष्यभर प्रश्न विचारत राहतात, त्यांना याकोबाचं वचन लागू आहे असं मलाही वाटतं. पण यहूदाचं छोटंसं पत्र आहे, एकाच अध्यायाचं, त्यात शेवटी लिहिलंय की जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. दोन्ही पत्रं एकाच नव्या करारात आहेत, आणि समोर कोणता माणूस आहे हे बघून कोणतं वचन काढायचं ते आपल्याला कळलं पाहिजे. बहुतेक वेळा आपण उलटं करतो, रडणाऱ्याला याकोब ऐकवतो.

प्रश्न : ताई, मुलगा कॉलेजला आहे. दोन वर्षांपासून उपासनेला येत नाही. म्हणतो एवढं दुःख जगात आहे, निरागस मुलं मरतात, मग तुमचा देव करतो काय. पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले तर त्यांच्याशीही वाद घातला. मंडळीत लोक विचारतात तेव्हा आम्हा दोघांना मान खाली घालावी लागते. दटावून न्यावं का? की पॉकेटमनी बंद करू?

उत्तर : पॉकेटमनीला विश्वासाशी जोडू नका हो, कृपा करून. जो देव पैसे बंद होऊ नयेत म्हणून मानला तो त्याचा कधीच होणार नाही.

येशूच्या शिष्यांपैकी थोमाचं घ्या. संशयी म्हणून त्याचं नाव पडलंय ते पडलंय, पण ती गोष्ट सांगणाऱ्या योहानाच्याच शुभवर्तमानात (बाप्तिस्मा करणारा योहान वेगळा) अकराव्या अध्यायात, येशू जिवाला धोका असताना यहूदियात जायला निघतो तेव्हा बाकीचे कचरतात आणि हाच थोमा म्हणतो चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. एवढं प्रेम होतं म्हणून तर त्याला उगाच कोणाच्या सांगण्यावरून मानायचं नव्हतं. दहा जणांनी सांगितलं आम्ही प्रभूला पाहिलं, हा म्हणाला खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मानणार नाही. आता मला जे दिसतं ते हे, की आठ दिवसांनी त्याच घरात, दारं बंद असताना, थोमा त्यांच्यात आहे. दहा जणांनी त्याला हाकलला नाही, आणि त्यानेही जायचं थांबवलं नाही. ते आठ दिवस त्या घरात काय बोलणं झालं असेल, जेवताना काय झालं असेल, त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, पण दार थोमासाठी उघडत होतं एवढं नक्की. मग येशू आला आणि थोमाचेच शब्द त्याला परत ऐकवले, तुझं बोट इकडे कर, म्हणजे तो बोलला तेव्हा ते ऐकलेलं होतं. थोमाने खरंच हात लावला असंही लिहिलेलं नाही, त्याने ‘माझा प्रभू, माझा देव’ म्हटलं. हाच थोमा इसवी सन 52 च्या सुमारास भारतात आला अशी जुनी परंपरा आहे.

तुमचं काम त्या दहा जणांचं आहे. घराचं दार, जेवणाचं ताट, बोलणं चालू ठेवा. आणि दुःखाचा प्रश्न तो विचारतो ना, त्याला घाईने उत्तर देऊ नका. ईयोबाच्या मित्रांकडे सगळी उत्तरं तयार होती, शेवटी देव त्यांनाच म्हणाला की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. आणि ईयोब तर पुस्तकभर देवाशी भांडत होता! मुलगा विचारेल तेव्हा बापाने सरळ म्हणावं, मलाही हे कळत नाही रे, तरी मी प्रार्थना करतो, का करतो ते सांगू का? आणि मग खरं ते सांगावं, पुस्तकातलं नाही, तुमच्या आयुष्यातलं. मला वाटतं त्याने हे तुमच्या तोंडून कधी ऐकलेलंच नसावं.

वेळ लागू द्या. पंडिता रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गमावलेली. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्या गप्प बसल्या नाहीत, ज्यांनी शिकवलं त्यांच्याशीच त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण), चर्चच्या अधिकारावरून वाद घालत राहिल्या, पटल्याशिवाय हो म्हणायचं नाही असा स्वभाव. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, तो नंतर सापडला, साधारण आठ वर्षांनी. आणि याच बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या आठ वर्षांत कोणी त्यांना दटावून गप्प केलं असतं तर?

लोक विचारतात तेव्हा मान खाली घालू नका. तो प्रश्नांशी झगडतोय, आम्ही त्याच्यासोबत आहोत, तुम्हीही प्रार्थना करा, एवढं म्हणून विषय संपवा.

प्रश्न : गेले काही महिने प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही. कधी कधी वाटतं संपवावं सगळं. विश्वासणाऱ्याच्या मनात असं यावं का?

उत्तर : आज, हा अंक खाली ठेवून, घरातल्या एका माणसाला हे सांगा आणि डॉक्टरकडे घेऊन चल म्हणा. संपवावं हा विचार जवळ आल्यासारखा वाटत असेल तर एकट्या राहू नका, हॉस्पिटलला जा, किंवा 14416 या सरकारी टेलिमानस हेल्पलाईनवर फोन करा, ती मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. डिप्रेशनला औषध घेणं म्हणजे अविश्वास नाही.

एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि दुसऱ्याच टप्प्याला रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, परमेश्वरा, माझा प्राण घे. देवाने त्याला एक शब्द सुनावला नाही. झोपू दिलं. दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं, आणि म्हणाला तुझा प्रवास तुला झेपण्याजोगा नाही. बोलणं त्यानंतर खूप दिवसांनी झालं, होरेब डोंगरावर. तेव्हा सध्या झोप आणि अन्न आणि औषध, प्रार्थनेला शब्द नसतील तर नसू देत, पौल रोमकरांना लिहितो की आपल्याला प्रार्थना कशी करावी कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. शब्दांची जबाबदारी काही दिवस त्याच्यावर सोडा. आणि डॉक्टरकडे जाऊन आल्यावर मला एक ओळ लिहा, मी वाट बघतेय.

प्रश्न : मनात शंका असताना प्रभुभोजन घ्यावं का? मी तीन-चार वेळा नुसतीच बसून राहिले, ताट पुढे सरकवलं.

उत्तर : घ्यावं. पौलाने अयोग्य प्रकारे खाऊ नका म्हणून करिंथकरांना लिहिलं ते कशावरून, तर तिथे पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे आणि गरीब भुकेले राहायचे, त्या वागण्यावरून. तुमच्यासारख्या हळव्या मनाच्या बाईला दूर ठेवायला ते लिहिलेलं नाही. आत्मपरीक्षण करा म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला की मग खा.

पहिल्या प्रभुभोजनाला मेजाभोवती कोण होतं बघा ना. रात्र सरायच्या आत नाकारणारा पेत्र होता, आठवड्याभरानंतरही मानायला तयार नसलेला थोमा होता, आणि बाकीचे सगळे काही तासांत पळून जाणारे. भाकर मोडून त्यांनाच दिली. पुनरुत्थानानंतर गालीलातल्या डोंगरावर त्यांनी येशूला पाहून नमन केलं, तिथेही मत्तय लिहितो की कित्येकांना संशय वाटला, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात येशू त्यांच्या जवळ येऊन बोलतो आणि जगभर जायचं काम त्या सगळ्यांनाच देतो. येत्या वेळी ताट पुढे सरकवू नका.